एक्केचाळीस नंबरची शीट

सर गवत चावून ओळखायचे. ही गोष्ट सांगितली की लोक हसतात. पण ज्यांचं एम.फिल. त्यांच्या हातात होतं, त्यांना कधी हसू आलं नाही. आपण चार दिवस भिंगाला डोळा लावून एखाद्या गवताचं नाव शोधून काढावं, आणि सरांनी त्याची एक काडी दाढेखाली धरावी, खिडकीबाहेर बघत दोन-तीनदा चावावी, मग कागदाच्या पुडीत थुंकून म्हणावं, "परत बघ." काय चुकलं ते सांगायचे नाहीत. आपण पुन्हा भिंगाला डोळा लावायचा, आणि दोन दिवसांनी आपलं नाव चुकलेलं निघायचंच. याचा मला फार राग यायचा. माणूस चुकावा, कधीतरी तरी चुकावा, असं वाटायचं.

ते पुण्याला विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे रीडर होते आणि राहायला दौंडला. सकाळच्या शटलनं यायचे, संध्याकाळच्या शटलनं जायचे. विद्यापीठानं क्वार्टर देऊ केलं होतं, ते त्यांनी घेतलं नाही. का घेतलं नाही, तर पुण्यात सकाळी उठून बाहेर पडलं की पायाला काही लागत नाही म्हणे. हे उत्तर त्यांनी रजिस्ट्रारला लेखी दिलं होतं अशी आमच्यात वदंता होती. मला ती खरी वाटते.

घराणं धनगरांचं. भांडगावच्या पुढं माळावर त्यांची वस्ती. वडील आणि चुलते दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरायचे, कोकणात हिंडायचे आणि पावसाच्या तोंडाला परत वर यायचे. सरही शाळा जमेल तशी करत अठराव्या वर्षापर्यंत त्या वाटेनं जाऊन आले होते. पहिल्याच तासाला ते सांगायचे की गवतं मला आधी मेंढरांनी शिकवली, लॅटिन मागनं आलं. विभागातल्या काही प्राध्यापकांना हे बोलणं आवडायचं नाही. स्टाफरूममध्ये सर नसले की त्यावर एक-दोन विनोद ठरलेले होते. सरांना ते ठाऊक असावेत. खुर्चीवर इतरांच्या उशा होत्या, सर घडी घातलेलं घोंगडं ठेवायचे, आणि विनोद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ते घोंगडं स्टाफरूमच्या खिडकीत उन्हाला टाकायचे.

विद्यार्थ्याला नावानं हाक मारणं त्यांना जमत नसे. ते तालुक्यानं हाक मारायचे. आमच्या वेळी एक इंदापूर होता, एक जुन्नर होती. सदाशिव पेठेतून आलेल्या एका मुलीला कुठला तालुका द्यावा हे दोन दिवस ठरेना, मग पुण्याभोवतीच्या तालुक्यावरून तिला ते 'हवेली' म्हणायला लागले. तिनं घरी जाऊन रडून घेतलं म्हणतात. मी शिरूर. गाव तळेगाव ढमढेरे, पण गावाशी सरांना कर्तव्य नव्हतं. "ए शिरूर" अशी हाक कॉरिडॉरच्या टोकावरून आली की मी आधी जवळचा जिना बघायचो.

वर्गात त्यांचं मराठी इस्त्री केलेलं असायचं, इंग्रजी त्याहून. पण फील्डला निघालो आणि पायाखालचा डांबरी रस्ता संपला की दहा पावलांत भाषा बदलायची. "हितं बघ. ही कुसळी. ही पवन्या. हिला मेंढरू तोंड लावत न्हाई, का न्हाई ते खाऊन बघ." आम्ही खाऊन बघायचो. हवेलीसुद्धा खायची. वर्षाअखेर तिला कुसळी आणि पवन्या डोळे मिटून चवीवरून सांगता यायला लागल्या, आणि तिचा सरांवरचा राग गेला. माझा गेला नाही, कारण मला पडताळ्याची भीती होती.

पडताळा हा सरांचाच शोध. बाकीचे गाइड प्रबंध वाचायचे, दोन-चार ठिकाणी लाल शाई करायचे आणि सही ठोकायचे. सर सही करण्याआधी विद्यार्थ्याचा सगळा गठ्ठा मागवायचे. गठ्ठा म्हणजे वाळवलेली, जाड कागदावर चिकटवलेली गवतं. एक कागद म्हणजे एक शीट. प्रत्येक शीटच्या उजव्या कोपऱ्यात लेबल, त्यावर गवताचं नाव, ते कुठं आणि कधी मिळालं, कोणी वेचलं. सर त्यातली एक शीट ओढायचे आणि म्हणायचे, "चल, दाखव." मग लेबलवरच्या जागी त्यांना घेऊन जायचं आणि तेच गवत तिथं उभं असलेलं दाखवायचं. दिसलं तर तिथंच मांडीवर वही ठेवून सही. नाही दिसलं आणि लेबल खोटं निघालं, तर सगळा गठ्ठा बाद. एक लेबल खोटं असेल तर बाकीच्यांवर मी कशाच्या जोरावर विश्वास ठेवू, असं त्यांचं म्हणणं.

माझ्या दोन वर्षं पुढं एक पुरंदर होता. त्यानं शक्कल लढवली. पडताळ्याच्या आदल्या संध्याकाळी विद्यापीठाच्या बागेतलं गवत मुळासकट काढून डोंगरावर नेऊन लावलं, वर पाणीसुद्धा घातलं. सरांनी दुसऱ्या दिवशी ते बघितलं, वाकले, एका हिसक्यात उपटलं आणि मुळं त्याच्यापुढं धरली. डोंगर लाल मुरमाचा आणि मुळांना माती काळी. "ही बाई माहेरचं लुगडं नेसून आलीया," म्हणाले. पुरंदर हसला. सर हसले नाहीत. त्याच्या नव्वद शीटा त्याच आठवड्यात कपाटातून बाहेर निघाल्या. पुरंदर पुढं विम्याच्या धंद्यात गेला. त्याचं बरं चाललंय, चारचाकी आहे. पण विद्यापीठाचं फाटक दिसलं की मान फिरवतो.

आता माझं. माझा विषय शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या माळांवरची गवतं. ओलिताची शेतं आणि त्यांचे बांध वगळायचे, निव्वळ माळ. मी तेव्हा शिरूरच्या एका कॉलेजात तात्पुरता लेक्चरर होतो. प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की पुढच्या वर्षीच्या डिसेंबरअखेर एम.फिल. झाल्याचं पत्र आणा, जागा तुमची कायम, नाही आणलंत तर जाहिरात निघेल. आमच्या घरात पगारी नोकरी कोणाला लागली नव्हती. आई-आप्पांची हयात कांदा, कोथिंबीर, शेवंतीत गेलेली. मला जागा मिळाली असं आप्पा गावात सांगूनही बसले होते. तात्पुरती, कायम असला फरक त्यांना मी समजावला नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होतो आणि कांद्याची लागण चालली होती. त्या दिवशी गावच्या उत्तरेच्या माळावर जायचं माझ्या वहीत लिहिलेलं होतं. पण सकाळपासून वाफ्यात ओणवा राहून कंबर मोडली होती, आणि तीनच्या पुढं मला माळावर तंगडतोड करायचा कंटाळा आला. आमच्या पाटाच्या कडेला तीन गवतं फुलोऱ्यात होती. ती उपटली, वर्तमानपत्रात दाबली आणि लेबलवर लिहिलं, उत्तरेचा माळ. तीनपैकी दोन तर त्या माळावरही सगळीकडं होतीच. तिसरं मला ओळखू आलं नाही. माझा अपराध एवढाच, आणि तो करायला मला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

ते तिसरं गवत म्हणजे एक्केचाळीस नंबरची शीट.

फेब्रुवारीत मी ती सरांपुढं ठेवली. त्यांनी काडी चावली आणि थांबले. दुसरी काडी तोडली, ती चावली. मग उठून कपाटातून जुन्या तीन शीटा काढल्या, कोकणातल्या, आणि माझ्या शीटशेजारी मांडल्या. "कुठलं हे?" मी लेबलकडं बोट केलं. त्यांनी पुन्हा विचारलं, म्हणून तोंडानं सांगितलं, "उत्तरेचा माळ, सर." ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. ते गवत घाटाखालचं होतं. पावसाळ्यात ज्या कातळावर चार महिने पाणी झिरपत राहतं तिथं ते येतं, आणि लहानपणी सरांनी त्यात मेंढरं चारलेली होती. आमच्या माळावर पाऊस नावालाच. तिथं ते गवत तग धरत असेल, तर त्याच्याविषयी पुस्तकात लिहिलेलं बदलावं लागणार होतं.

खिडकीशी उभ्या उभ्या त्यांनी मला नावानं हाक मारली. पहिल्यांदाच. "चहा घेणार का?" म्हणाले.

मी चहा घेतला. तेव्हाच सांगायला हवं होतं हे मला त्या टेबलाशी बसूनच कळत होतं. पण कप तोंडाला लावल्यावर तर सांगणं आणखी अवघड झालं. पुढं प्रत्येक आठवड्यात ते अवघड होत गेलं. सरांनी शनिवारच्या सेमिनारमध्ये गवताबद्दल सांगितलं. स्टाफरूममधले विनोद बंद पडले. प्रोफेसरपदाच्या मुलाखतीत सर दोनदा मागं पडलेले होते, या वेळी हे टिपण छापून आलं तर जमेल असं विभागप्रमुख स्वतः बोलले. सरांनी टिपण लिहिलं, वर माझं नाव पहिलं घातलं, पाकिटावर पत्ता घातला आणि पाकीट टेबलाच्या खणात ठेवून दिलं. पडताळ्याशिवाय ते टाकणार नव्हते. पाऊस संपून गवत पुन्हा फुलोऱ्यात येईपर्यंत थांबायचं होतं.

ते दहा महिने मी कसे काढले ते माझं मलाच ठाऊक. सप्टेंबर ते दिवाळी मी तीनदा एकटा जाऊन तो माळ पालथा घातला, की कुठंतरी एखादं रोप असेल. नव्हतं. घरी आलो की पाटाच्या कडेला ते डुलताना दिसायचं. एकदा खुरपं घेऊन त्याच्याजवळ बसलोसुद्धा. चार रोपं काढावीत आणि माळावर लावून यावीत, असा विचार पुरता केला होता. केलं नाही. मला सद्बुद्धी झाली असं कोणी समजू नये. पुरंदरचं काय झालं ते आठवलं, एवढंच.

नोव्हेंबरात, एका बुधवारी, सर दौंडहून शिरूरकडच्या एस.टी.नं निघाले आणि पुढं वडापच्या जीपमधून तळेगावात उतरले. खांद्याला पिशवी, पिशवीत फडक्यात बांधलेली भाकरी. आम्ही माळावर गेलो. "कुठं?" त्यांनी विचारलं. मी एका टेपाडाकडं हात केला. शेतात नांगर घालावा तसे सर त्या टेपाडावर इकडून तिकडं, तिकडून इकडं फिरायला लागले. एक तास झाला, दोन तास झाले. मग त्यांनी चपला काढून हातात घेतल्या.

"हितं वल न्हाई," ते म्हणाले. "पायाला लागत न्हाई कुठं."

"गेल्या वर्षी पाऊस जास्त होता, सर."

"व्हय. व्हईल." ते पुन्हा चालायला लागले. थोड्या वेळानं मागं न बघता म्हणाले, "यंदा मेंढरांनी खाल्लं असंल. व्हतं असं."

मला त्या क्षणी स्वतःची किळस आली. ज्या माणसानं पुरंदरला एका हिसक्यात उघडं पाडलं, तो माझ्यासाठी सबबी शोधत होता. त्यांना ते गवत हवं होतं. कदाचित त्यांना मलाही पास करायचं होतं. मी पाच पावलं मागं चालत होतो आणि दर पावलाला वाटत होतं, आता बोलावं. मनात प्राचार्यांचा चेहरा यायचा, आप्पांचा यायचा, आणि मी पुढचं पाऊल टाकायचो.

दुपार झाली. पुण्याचे सर आलेले आणि घरी न जेवता जाणार, हे आप्पांना खपलं नसतं. ते स्वतःच माळाच्या वाटेवर बोलवायला आले. सरांनी पिशवीतली भाकरी आमच्या आईच्या हवाली केली आणि आमची खाल्ली. आप्पा खूश होते. सर धनगराचे आहेत हे मी कधीतरी बोललो होतो, तेवढा धागा धरून त्यांनी मेंढरांचा विषय काढला. आमच्याकडं कोकणातून परत येणारे कळप रानात बसवायची रीत आहे. दोन-तीन रात्री मेंढरं शेतात बसली की वर्षाचं खत होतं.

"गेल्या साली तुमच्याच कडची व्हती, भांडगावाकडली," आप्पा म्हणाले. "पावसाच्या तोंडाला वर आली, आन् तीन रात्री बसवली आमच्या रानात. कांदा लई झाक आला. पर लोकरीत तण बी घिऊन आली मेंढरं. पाटाच्या कडंनं अजून उगवतंय. आमच्याकडं कवा न्हवतं असलं गवात."

माझा घास हातातच राहिला. आप्पांनी माझ्याकडं बोट केलं. त्यांच्या तोंडावर कौतुक होतं.

"ह्यानंच न्हेलं की पुण्याला, कागदात दाबून. तुमास्नी दावलं न्हाई का?"

सरांनी पाण्याचा तांब्या उचलला, पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला. "दावलं," ते म्हणाले. "दावलंय त्यानं. जेवण झालं की जागा बघू, आप्पा."

जेवण उरकलं. आम्ही तिघं पाटाशी गेलो. गवत कमरेएवढं उभं होतं, फुलोऱ्यात. सरांनी काडी तोडली, चावली. थुंकायला कागद काढला नाही, गिळून टाकली. आप्पांना म्हणाले, "गवत चांगलं हाय. मेंढरू आवडीनं खातं." मग कांद्याच्या रोपांची चौकशी केली, पाणी किती दिवसाआड देता ते विचारलं. आप्पांना शेवटपर्यंत कळलं नाही की आपल्या बोलण्यानं काय झालं. आप्पा वारेपर्यंत मीही त्यांना सांगितलं नाही.

जीपच्या थांब्यापर्यंत मी सरांबरोबर चालत गेलो. जीप आली, माणसं बसायला लागली, तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"शिरूर, सगळ्या जागा परत चाल. एकशे बारा. प्रत्येक शीट जागेवर न्हेऊन बघ आन् नवं लेबल लिही. झालं की सही करतो."

"सर, डिसेंबरात..."

"म्हाईत हाय मला," म्हणाले, आणि जीपच्या मागच्या फळीवर जाऊन बसले.

म्हणजे त्यांनी गठ्ठा बाद केला नव्हता. पुरंदरला जे मिळालं नाही ते मला मिळालं होतं. पण त्या वेळी मला एवढंच दिसलं की नोकरी गेली. एका गवतापायी, एका कंटाळ्यापायी गेली, आणि या माणसाला मनात आणलं असतं तर बाकीच्या एकशे अकरांवर सही करता आली असती. मी त्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. सांगायला लाज वाटते, पण दिल्या.

शुक्रवारी निरोप आला की उद्याच्या सेमिनारला ये. मला वाटलं, आता सगळ्यांदेखत माझी काढणार. रात्रभर मी मनात उत्तरं जुळवत होतो. शनिवारी जाऊन मागच्या बाकावर बसलो. सगळा विभाग होता, सरांच्या टिपणाचं काय झालं ते ऐकायला. सर उभे राहिले. खडू घेतला नाही, फळ्याकडं वळले नाहीत. म्हणाले की ते गवत माळावरचं नाही, ओलिताच्या पाटावरचं आहे, आणि बी मेंढरांच्या लोकरीतून कोकणातून आलेलं आहे. टिपण पाठवत नाही. मग म्हणाले, "यात चूक माझी आहे. मेंढरांमागं अठरा वर्षं काढली, आणि शीट बघून मला लोकर आठवली नाही."

पुढच्या रांगेत कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. विभागप्रमुख भले गृहस्थ होते, त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, की गवत तुम्ही वेचलंत, तुम्हांला काही सांगायचंय का?

सर टेबलावरच्या डस्टरकडं बघत होते. ते माझ्याकडं बघत असते तर काय झालं असतं, सांगता येत नाही.

"नाही सर," मी म्हणालो.

डस्टर उचलून सरांनी कोरा फळा पुसला आणि सेमिनार संपला. त्या वर्षीही प्रोफेसरपद दुसऱ्याला मिळालं. जानेवारीत माझ्या जागेची जाहिरात निघाली. मी एकशे बारा जागा चाललो, पाबळच्या बाजूचे माळ, भीमेच्या कडेचे, दौंडच्या पलीकडचे. मार्च उजाडला. सरांनी प्रत्येक लेबल वाचलं, सही केली, गठ्ठा विभागाच्या कपाटात जमा करून घेतला, आणि म्हणाले, "बरं, पुढं." शाबासकीचा त्यांचा शब्द तोच होता. मी आभारसुद्धा मानले नाहीत.

पुढची चार वर्षं मी तासांवर शिकवलं. सकाळी शिरूरला दोन तास, दुपारी दौंडला तीन. दौंड स्टेशनात एकदा सर समोरून येताना दिसले, बगलेत घोंगडं, हातात कसलीतरी काडी. मी वडापावच्या गाडीमागं गेलो आणि ते पुढं जाईपर्यंत तिथंच उभा राहिलो. नंतर मला कायमची नोकरी लागली, सर रीडर म्हणूनच रिटायर झाले, आणि एक दिवस हवेलीचा फोन आला की सर गेले. ती रडत होती. मी मिनिटभर बोललो आणि फोन ठेवला. दौंडला गेलो नाही.

आणखी काही वर्षांनी विभागाचा माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. मी जाणार नव्हतो, हवेलीनं ओढून नेलं. भाषणं झाली, श्रीखंड-पुरी झाली, केस पिकलेले लोक एकमेकांना तालुक्याच्या नावानं हाका मारत होते. जेवणानंतर मी एकटाच वरच्या मजल्यावर शीटांच्या खोलीत गेलो. तिथं एक तरुण बाई सगळ्या शीटांचे फोटो काढून कॉम्प्युटरवर चढवत होत्या. मी नाव सांगितल्यावर त्या उभ्याच राहिल्या.

"एक्केचाळीस नंबरचे तुम्हीच का?" त्या म्हणाल्या. "तुमची शीट आम्ही दर वर्षी नव्या मुलांना पहिल्या दिवशी दाखवतो."

मला वाटलं, कसं लिहू नये ते दाखवत असतील. त्यांनी कपाट उघडून शीट पुढं ठेवली. शीटांचा एक नियम आहे. जुनं लेबल कितीही चुकलेलं असो, ते फाडायचं नाही, काढायचं नाही. दुरुस्ती करायची तर खाली दुसरी चिठ्ठी चिकटवायची. माझं 'उत्तरेचा माळ' तसंच होतं, त्याखाली मार्चमधलं माझं नवं लेबल. आणि दोन्हींच्या मध्ये सरांच्या बारीक अक्षरातली एक चिठ्ठी होती, जी मी कधी पाहिली नव्हती. नवं लेबल लिहिताना शीट माझ्याकडं नव्हती, एक्केचाळिसावी त्यांनी स्वतःजवळ ठेवून घेतली होती.

चिठ्ठीत लिहिलं होतं, "ठिकाण चुकीचं. गवत वेचणाऱ्याच्या शेतातल्या पाटाच्या कडेचं. बी मेंढरांच्या लोकरीतून आलेलं. ही चूक वेचणाऱ्यानं विभागाच्या सेमिनारमध्ये स्वतः होऊन सांगितली. त्याची बाकीची लेबलं विश्वासार्ह धरावीत." खाली सही आणि तारीख.

"किती अवघड असतं ना, सर," बाई म्हणाल्या. "सगळ्यांसमोर उभं राहून असं सांगणं. मुलांवर फार परिणाम होतो. आज आलाच आहात तर दोन शब्द बोलाल का त्यांच्याशी?"

पहिल्यांदा माझ्या मनात आलं की सर खोटं बोलले. जन्मात एकदा, माझ्यासाठी. माझा गठ्ठा वाचावा, माझ्या नावाला डाग लागू नये म्हणून. हा माणूस लेबलवर खोटं लिहील, हे मला पटेना. म्हणून मी तारीख पुन्हा वाचली. कॅलेंडर बघायची गरज नव्हती. तो आठवडा मला तोंडपाठ आहे. बुधवारी पडताळा झाला, शनिवारी सेमिनार. चिठ्ठीवर तारीख शुक्रवारची होती.

आदल्या दिवशी त्यांनी ती लिहून, चिकटवून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी मी उभा राहणार, असं धरून. 'चूक माझी' म्हणून ते खाली बसायच्या आत मी उठेन आणि त्यांना अडवेन, अशी त्यांची खात्री होती. मी "नाही सर" म्हणालो तेव्हा चिठ्ठी कपाटात वाळत होती, आणि चिकटवलेली चिठ्ठी काढायची नसते. ती खोटी ठरली ती माझ्यामुळं. मी तिथल्या स्टुलावर बसलो. डोळ्यांना पाणी आलं, ते लपवायला खोलीत दुसरी जागा नव्हती.

मी बाईंकडं एक कोरी चिठ्ठी मागितली. लिहिताना हात थांबला, कारण मी खरं लिहिलं तर सरांच्या हातचं एक वाक्य सगळ्यांसमोर खोटं पडणार होतं. मग लिहिलं, "वरची चिठ्ठी सेमिनारच्या आदल्या दिवशीची आहे. सेमिनारमध्ये वेचणारा बोलला नाही. ठिकाण त्याच्या वडिलांनी सांगितलं होतं, सहज बोलता बोलता." सही केली आणि त्या दिवसाची तारीख घातली. बाईंनी ती दोनदा वाचली. शेवटी त्यांनी विचारलं की मग मुलांना आता काय सांगायचं.

"सांगा, सर एका विद्यार्थ्याची वाट बघत होते," मी म्हणालो. "तो यायचा होता, पण फार उशिरा आला."